मूळ प्रत कुणाच्या ताब्यात?

ई-मेल पाठवणे आणि आलेली ई-मेल हाती पडणे ही दोन निराळी कामे आहेत. जॉन पोस्टेल यांनी 1982 साली लिहून काढलेले एसएमटीपीचे नियम पत्राला मुक्कामाच्या सर्व्हरवरील पेटीपर्यंत पोचवतात; तिथून पुढे वाचकापर्यंतचा व्यवहार मुख्यतः पॉप किंवा आयमॅप या नियमावल्यांनी चालत आला आहे. या दोहोंतला फरक सोयीचा आहे, असे समजले जाते. माझ्या मते तो ताब्याचा आहे. मूळ प्रत कुठे राहते, हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा पत्रव्यवहार सुरक्षित नाही.

पॉप 1984 साली आला आणि त्याची तिसरी आवृत्ती 1988 साली. संगणक सतत जोडलेला नसणार, हे त्यात गृहीत होते. जोडणी करा, पत्रे उतरवून घ्या, सर्व्हरवरची पुसा आणि निघा, अशी त्याची रूढ रीत. पण पुसण्याची पद्धत नीट पाहण्याजोगी आहे. ‘डेले’ ही आज्ञा मिळाली की सर्व्हर पत्रावर नुसती खूण करतो. प्रत्यक्षात ते पुसले जाते ‘क्विट’ म्हणून रीतसर निरोप घेतल्यावरच. मध्येच फोनची लाइन तुटली, तर एकही पत्र पुसले जात नाही. निरोप घेतला की मात्र जबाबदारी सर्वस्वी वाचकाची. भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने सर्वांसाठी इंटरनेट खुले केले, तेही फोनच्या तारेवरूनच. त्या काळाला ही रीत मानवणारी होती.

मार्क क्रिस्पिन यांनी 1986 साली स्टॅनफर्डमध्ये आयमॅप रचला, तो उलट्या विचाराने. मूळ प्रत सर्व्हरवरच राहते. फोल्डर, वाचल्याची आणि उत्तर दिल्याची खूणही तिथेच. म्हणून फोनवर वाचलेले पत्र कचेरीतल्या संगणकावरही वाचलेले दिसते. इथेही आधी खूण आणि मग ‘एक्स्पंज’ अशा दोन पायऱ्यांनी पत्र पुसले जाते. पण ते एकदा पुसले की पुढच्या जुळणीत प्रत्येक उपकरणावरून नाहीसे होते. तीन पडद्यांवर दिसणारे पत्र म्हणजे तीन स्वतंत्र प्रती नव्हेत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, पॉपमध्येही सर्व्हरवर प्रत ठेवता येते. येते खरी; पण फोल्डर आणि खुणा सांभाळणे पॉपच्या कक्षेतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मोठ्या कंपन्या प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती ठेवतात, मग भीती कसली? त्या प्रती डिस्क बिघडली तर वाचवतात. खातेदाराने चुकून पुसले, पासवर्ड चोरणाऱ्याने पेटी रिकामी केली किंवा खातेच बंद झाले, तर त्या प्रतींवर विसंबता येत नाही.

म्हणून रोजच्या कामाला आयमॅप अवश्य वापरावा, पण ठरावीक काळाने सगळा पत्रव्यवहार उतरवून, कशाशीही न जोडलेल्या डिस्कवर ठेवावा. मराठी संपादक, प्रकाशक आणि संस्थांना तर हे फारच लागू आहे. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे ग्रंथरूपाने वाचायला मिळाली, ती ज्यांना आली त्यांनी जपली म्हणून. आजच्या लेखकांचा पत्रव्यवहार उद्याच्या अभ्यासकांना मिळायचा असेल, तर जपण्याचे हे काम सर्व्हरवर सोपवून चालणार नाही. ज्याची पत्रे आहेत, त्यानेच ते करायला हवे.