चित्रचिन्हामागील दुभाषी

संगणकाच्या पडद्यावर एकही चित्र नसताना मनुष्य तासन्‌तास गुंगून जाई, असा एक काळ होता. पडद्यावर केवळ मजकूर येई. ‘उत्तरेकडे जा’, ‘दिवा घे’ अशा अर्थाची इंग्रजी आज्ञा वाचकाने लिहिली की कथा पुढे सरके. अमेरिकेतील इन्फोकॉम कंपनीची ‘झॉर्क’ ही अशा साहसकथांपैकी एक विख्यात कथा होय.

या कथांच्या मुळाशी एक चतुर योजना होती. १९७९ साली जोएल बेरेझ व मार्क ब्लँक यांनी ‘झी-मशीन’ नावाचे एक कल्पित यंत्र योजिले. कथा लिहावयाची ती या कल्पित यंत्राच्या भाषेत. आणि प्रत्येक जातीच्या खऱ्या संगणकासाठी त्या भाषेचा एक दुभाषी प्रोग्राम तयार करावयाचा. मोडीतील बखर कपाटात असली तरी मोडी जाणणारा भेटेपर्यंत ती मुकीच. कथेच्या फाइलीचेही तसेच आहे. दुभाष्यावाचून ती बोलत नाही.

१९८५ साली आलेल्या कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकावर चित्रचिन्हावर दोनदा टिचकी मारून काम सुरू करता येई. हे चिन्ह मूळ फाइलीत नसते. त्याची स्वतंत्र फाइल असते व तिचे नाव मूळ नावापुढे ‘.इन्फो’ जोडून होते. ती नसेल, तर खण उघडूनही कथा सहसा दृष्टीस पडत नाही.

१९९० नंतरच्या अमिगांवर ‘आयकॉनएडिट’ या प्रोग्रामने असे चिन्ह काढता येते. त्याचा प्रकार ‘प्रोजेक्ट’ असा ठेवावा. तो ‘टूल’ असा ठेवल्यास संगणक कथेलाच प्रोग्राम समजून चालवू पाहतो आणि फसतो. नंतर चिन्ह निवडून ‘इन्फर्मेशन’ची चौकट उघडावी व ‘डिफॉल्ट टूल’ या रकान्यात दुभाष्याचा, उदाहरणार्थ ‘फ्रॉट्झ’चा, संपूर्ण पत्ता लिहावा: कोणती डिस्क, कोणता खण, कोणते नाव. पत्ता अपुरा राहिला तर दुभाषी सापडत नाही आणि टिचकी वाया जाते. पत्ता बरोबर असला म्हणजे संगणक प्रथम दुभाष्यास जागे करतो व कोणती कथा उघडावयाची तिचे नाव त्याच्या हाती देतो.

काही दुभाषी मात्र टंकलिखित आज्ञाच ओळखतात. त्यांच्यासाठी ती आज्ञा एका छोट्या फाइलीत लिहून ठेवावी, तिला प्रोजेक्ट-चिन्ह द्यावे आणि त्याच्या रकान्यात ‘आयकॉनएक्स’ हे नाव घालावे. मग तो प्रोग्राम ती आज्ञा वाचून पाळतो.

इन्फोकॉमचे कार्यालय १९८९ साली बंद झाले; कमोडोरचे दिवाळे १९९४ साली वाजले. पण ‘झॉर्क’चा पहिला भाग शंभर किलोबाइटांहूनही लहान असून आज नव्या संगणकांवरही नव्या दुभाष्यांकरवी वाचला जातो. जुनी अमिगा ज्याने जपली असेल, त्याने त्या रकान्यात एक अचूक ओळ लिहिली, तर आज्ञांची भाषा मुळीच न जाणणाऱ्या घरच्या मुलालाही ती कथा तिच्या मूळ काळातील पडद्यावर उघडता येईल.