भंगारातली रॅले

बसा असे कंदिलाच्या उजेडाला, घाई कशाची? परतुरात एखादी जुनी सायकल भंगारवाल्याच्या काट्यावर चढली की तिचा पुढचा मुक्काम बहुधा जालन्याचा, सळईच्या कारखान्याच्या भट्टीत, आणि थोड्याच दिवसांत ती कुणाच्या तरी स्लॅबात सळई होऊन बसायची. म्हणून म्हणतो, ढीग उचलायच्या आधी एकदा हात घालून बघावं. परतूर जालना जिल्ह्यात आलं 1981 साली, पण त्याच्याही कितीतरी आधी, परभणी जिल्ह्यात असताना, इंग्लंडात घडलेली एखादी रॅले, बीएसए नाहीतर हंबर गावात आलेली असायची, आणि तिचा सांगाडा अजून त्या ढिगात सापडू शकतो.

आता ती ओळखायची कशी? सोपा नेम सांगतो: जे पान्यानं सुटतं त्याच्यावर भरवसा ठेवू नये. एका गुरुजींच्या सायकलीला सगळं गाव रॅले म्हणायचं, कारण पुढं बगळ्याचा बिल्ला होता. अन् दातेरी चक्र बघावं तर त्यात बीएसए अशी अक्षरं कापलेली! बिल्ला उपटता येतो, चक्र बदलता येतं, रंग तर दर दसऱ्याला नवा चढतो. पण फ्रेमवर ठोकलेला आकडा तिथंच राहतो. रॅलेचा तो बऱ्याचदा सीटखालच्या जोडावर असतो. हंबरचा जुना चिमटा तर लांबूनच कळतो, कारण त्याला एकेका बाजूला दोन-दोन पाती. रॅलेचा बिल्ला जागेवर असलाच तर तोही वाचावा, त्यावर नॉटिंगहॅम लिहिलंय की आसनसोल; कारण स्वातंत्र्यानंतर सेन-रॅले कंपनीनं बंगालात आसनसोलला कारखाना काढला, आणि तिथली सायकलही काही कमअस्सल नव्हे.

पण मला खरी भुरळ पडते ती जोडांची. दोन नळ्या जिथं भेटतात तिथं पोलादी टोपण असतं, त्याला लग म्हणतात. त्याच्या काठावरचा रंग नखानं हळूच खरवडला तर केसाएवढी पिवळी रेघ दिसते. ते पितळ. कारागीर नळीला टाकणखार लावून ती लगमध्ये बसवायचा, जोड लालभडक तापवायचा, आणि पितळ एका काठाला टेकवायचा. मग ते पितळ वितळून आपल्या पायानं आत शिरायचं, वर चढायचं, आणि दुसऱ्या काठानं डोकावायचं! या कंदिलाची वात घासलेट वर ओढते ना, तोच नियम, केशाकर्षण. फट मात्र कागदासारखी बारीक हवी. रुंद झाली की पितळ चढत नाही. पितळ वितळतं सुमारे 900 अंशांना, पोलाद 1,500 च्या आसपास, म्हणून नळी शाबूत राहते. आणि म्हणूनच पन्नास वर्षांनीही जोड तापवून वाकडी नळी काढता येते, दुसरी घालता येते.

नळीचीही कुळी कळते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सनी 1897 साली अशा नळीचं पेटंट घेतलं की जी टोकांना जाड आणि मध्ये पातळ, कारण ताण आणि आच दोन्ही टोकांनाच. त्यांची 531 नावाची मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी 1935 ची. चोर खूण अशी: सीटची नळी बाहेरून 28.6 मिलीमीटर असेल आणि आतला दांडा 27.2 चा बसत असेल, तर भिंत किती राहिली? जेमतेम 0.7! आपल्या दूधवाल्याच्या सायकलीची भिंत याहून चांगली जाड असते.

सीटचा दांडा निघत नाही ही नेहमीची रड. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून तो आतल्या आत पाचर मारतो. हातोडा उचलू नये. फ्रेम उलटी टांगून खालच्या बाजूनं रॉकेल आणि तेल सोडावं, वाट बघावी. तोवर पुढच्या नळीजवळ खालून बोट फिरवावं. रंगाला सुरकुती लागली तर ती कधीतरी समोरून धडकलेली आहे. मग मागच्या चाकाच्या एका खाचेतून दोरा घ्यावा, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणावा, आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजावं. सारखं भरलं तर सांगाडा सरळ.

आणि जुना रंग अगदीच उडालेला नसेल तर काढूच नका, माझं ऐका. हातानं ओढलेल्या त्या सोनेरी रेघा पुन्हा ओढणारे हात आता फार थोडे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, तिथं जाऊन बघा एकदा.

तेवढं करून क्रँकच्या आसाचे कप आणायला जालन्याला निघालात तर आधी आटे मोजा. बाकीच्यांचे इंचाला 24, पण नॉटिंगहॅमच्या रॅलेनं आपले 26 ठेवले होते. दुकानदार 24 चा कप जोर लावून बसवू लागला तर त्याचा हात धरा.