रक्त आलं म्हणून ब्रश ठेवून देऊ नका

दात घासताना थुंकीत रक्त दिसलं की घरातून ठरलेला सल्ला मिळतो: ‘हिरड्या नाजूक झाल्यात, चार दिवस ब्रश बंद कर, बोटानं मंजन फिरव.’ सल्ला मायेचा खरा, पण तो दुखणं पोसतो. हिरडीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर साचला की शरीर तिथला रक्तपुरवठा वाढवतं. हिरडी लाल होते, सुजते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. ब्रशनं फक्त चुगली केलेली असते. विश्वास बसत नसेल तर हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला, १९६५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण थांबवलं; १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात सूज उतरली.

‘पण ब्रश थांबवला तेव्हा रक्तही थांबलं होतं,’ असं कुणी म्हणेल. थांबलं नव्हतं, हिरडीला कशाचा स्पर्शच नव्हता, म्हणून दिसलं नाही. कडक ब्रश जोरात घासल्यानं हिरडी सोलवटते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर उपाय मऊ ब्रश आणि हलका हात: केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवून, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. थराचं कीटण झालं असेल तर ते ब्रशनं निघत नाही, दंतवैद्याकडून स्केलिंग करून घ्यावं लागतं. त्यानं दात हलतात म्हणे! दाताखालचं हाड आधीच झिजलेलं असतं, फट कीटणानं बुजलेली असते. ती उघडी पडली की दोष सफाईला.

मिश्रीनं हिरड्या घट्ट होतात, ही आणखी एक थाप. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूच्या विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्याही हिरड्यांतून रक्त कमी येतं, पण त्यानं रोग फक्त झाकला जातो. ‘क’ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावानं रक्त येतं हे खरं, पण म्हणून लिंबू दातांवर चोळू नये. आम्लानं वरचं कवच झिजतं. गरोदरपणी हिरड्या लवकर सुजतात, तेव्हा तर सफाई अधिकच हवी.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, तर दंतवैद्याला दाखवा. सोबत ताप असेल किंवा अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, तर आधी डॉक्टर गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका.