घरची पहिली शेळी : तिचा आहार व आरोग्य

गाय बाळगावयाची म्हणजे जागा, वैरण, गडीमाणूस आणि पैसा या चारही गोष्टी हाताशीं असाव्या लागतात. ज्या कुटुंबांपाशीं त्या नाहींत, पण घरच्या दुधाची हौस आहे, त्यांची दृष्टि सहजच शेळीकडे वळते. महात्मा गांधींनीं १९१९ सालीं आजारपणांतून उठतांना कस्तुरबांच्या सूचनेवरून शेळीचें दूध घेण्यास आरंभ केला, तेव्हांपासून या दुधाला पांढरपेशा घरांतही एक प्रकारची प्रतिष्ठा लाभली आहे. नाशिक शहराबाहेर ज्यांचा मळा किंवा वाडी आहे, निदान घरामागें चार झाडें आणि मोकळें अंगण आहे, अशा कुटुंबांनीं शेळी पाळावी हें आम्हांस सर्वथा योग्य वाटतें. मात्र तत्पूर्वीं तिच्या पोटाची ओळख करून घेतली पाहिजे.

शेळी काय, मिळेल तें खाते, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. पहिली शेळी दगावते ती पुष्कळदां या समजापायींच. आमचें तर असें स्पष्ट मत आहे कीं, सुशिक्षित एकत्र कुटुंबांतील शेळीला उपासमारीपेक्षां लाडाचें भय अधिक. सकाळीं आजीबाई आदल्या रात्रीची पोळी घालतात, दुपारीं सूनबाई पातेल्याच्या तळचा भात घालतात, शाळेंतून आलेलीं मुलें मूठ मूठ गहूं चारतात. आणि यांपैकीं कोणालाच दुसऱ्यानें काय घातलें याची वार्ता नसते. प्रत्येकाचा घास लहान, बेरीज मात्र जीवघेणी!

याचें कारण असें. शेळी हें रवंथ करणारें जनावर आहे. तिच्या पोटाचे चार कप्पे असून त्यांतील सर्वांत मोठा कप्पा म्हणजे आंबवणीचा रांजणच होय. त्यांत कोट्यवधि सूक्ष्म जंतु राहतात आणि पाला-कडब्यासारखा कठीण चारा ते आंबवून पचनास योग्य करितात. शेळीला पोसावयाचें म्हणजे आधीं या जंतूंना पोसावयाचें. एकाएकीं भात, पोळी, पीठ किंवा धान्य भरपूर पोटांत गेलें कीं आम्ल निर्माण करणाऱ्या जंतूंची अतोनात वाढ होते, शरीरांतील पाणी पोटाकडे ओढलें जातें, रवंथ करणें थांबतें आणि एकदोन दिवसांत जनावर आडवें पडतें. लग्नकार्याच्या किंवा श्राद्धपक्षाच्या दुसऱ्या दिवशीं उरलेलें अन्न टोपलीभर शेळीपुढें ओतणें हा त्या मुक्या जिवावर विषप्रयोगच समजावा. अन्न वायां जाऊं नये हा आपला संस्कार खराच; पण त्याचा भार शेळीच्या पोटावर टाकूं नये.

मग तिला द्यावें तरी काय? सुमारें ३० किलो वजनाच्या शेळीला दिवसास ३ ते ४ किलो हिरवा चारा व झाडपाला, पाऊण ते एक किलो सुकी वैरण आणि फार तर पाव किलो खुराक पुरे होतो. दुभत्या व गाभण शेळीला खुराक थोडा वाढवावा, पण तोही हळूहळू. सुक्या वैरणींत तुरीचा व हरभऱ्याचा भुसा शेळी आवडीनें खाते. मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि त्यांत थोडें मीठ व क्षारमिश्रण, एवढा खुराक घरच्या घरीं करतां येतो. बाभूळ, बोर, शेवरी, हादगा, वड, उंबर यांचा पाला दोरीनें उंचावर टांगावा. कारण शेळी ही मान वर करून खाणारी, पायदळीं तुडविलेला चारा ती हुंगून सोडून देते. सुबाभळीचा पाला पौष्टिक खरा, पण तो एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षां अधिक नसावा. ओलें कोवळें गवत किंवा लसूणघास रिकाम्या पोटीं दिल्यास पोट फुगतें. म्हणून सकाळीं आधीं मूठभर सुकी वैरण, मग हिरवें, असा क्रम ठेवावा. चारा बदलावयाचा झाल्यास आठदहा दिवसांत क्रमाक्रमानें बदलावा. स्वच्छ पाणी तर दिवसभर पुढें असावें.

आपल्या जिल्ह्यांत कांहीं विशेष सावधगिरी अवश्य आहे. नाशिक म्हणजे द्राक्षांचें आगर. एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांच्या छाटणींत पाल्याचे ढीग निघतात आणि ते फुकट मिळतात. परंतु द्राक्षवेलीवर मोरचुदाचे व कीटकनाशकांचे फवारे मारलेले असतात. शेवटची फवारणी कधीं व कशाची झाली हें बागाईतदारास विचारल्यावांचून तो पाला घरीं आणूं नये. निफाड-लासलगांवकडील टाकाऊ कांद्याचीही तीच कथा. चवीपुरता कांदा निराळा. पण पोटभर कांद्यानें रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. याहून मोठा धोका खुद्द अंगणांत असतो. पूजेसाठीं लावलेली कण्हेर, मग ती पांढरी, तांबडी वा पिवळी असो, शेळीच्या तोंडीं लागतां कामा नये. तिचीं थोडींशीं पानेंही हृदयाची क्रिया बंद पाडूं शकतात. देवघरांतील निर्माल्य शेळीपुढें टाकण्याची चाल याच कारणास्तव सोडून द्यावी.

रोग ओळखण्यास पुस्तकी विद्वत्ता लागत नाहीं, रोजची नजर लागते. निरोगी शेळीच्या लेंड्या सुट्या व गोळीसारख्या असतात, डोळे पाणीदार असतात आणि चारा पाहतांच ती पुढें येते. कळप सोडून कोपऱ्यांत उभी राहणें, कान पाडणें, रवंथ न करणें, लेंड्यांऐवजीं पातळ हगवण, डावी कूस ढोलासारखी फुगणें, यांतील एकही चिन्ह दिसल्यास त्या दिवशींचा खुराक बंद करावा आणि पशुवैद्यास बोलवावें. शेळीच्या अंगाची उष्णता स्वभावतःच १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहीट असते. माणसाच्या मापानें तिला ताप ठरवूं नये. पडलेल्या शेळीच्या नरड्यांत बळेंच काढे ओतूं नयेत. ते फुप्फुसांत शिरून नवेंच संकट ओढवतें. शासनाचें फिरतें पशुचिकित्सा पथक १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि करून बोलावतां येतें, हें घरांतील सर्वांस ठाऊक असावें.

पावसाळा हा शेळीचा खरा वैरी. इगतपुरी-त्र्यंबकेश्वराकडील मुसळधार पावसांत ओल्या जमिनीमुळें खुरें कुजतात, फुप्फुसांचा दाह होतो आणि गवताबरोबर जंत पोटांत जातात. येवलें-सिन्नरच्या कोरड्या पट्ट्यांत हा त्रास त्या मानानें कमी. गोठा उंचवट्यावर, कोरडा व वाहत्या हवेचा असावा. दर शेळीस निदान १० चौरस फूट जागा मिळावी. वाढलेलीं खुरें वेळोवेळीं कापावींत. जंताचें औषध लेंड्या तपासून व वजन पाहून वैद्याच्या सल्ल्यानें द्यावें. वारंवार अंदाजानें दिलेल्या औषधाला जंतच दाद देईनासे होतात. आंत्रविषार व घटसर्प यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीं दरवर्षीं, लाळ्या-खुरकुताची दर सहा महिन्यांनीं आणि पीपीआर या जीवघेण्या रोगाची तीन वर्षांतून एकदां टोंचून घ्यावी.

शेळी पांच महिन्यांनीं वितें. करडूं जन्मतांच तासाभराच्या आंत त्याला आईचा चीक पाजावा. पुढील रोगांपासून रक्षण करणारीं द्रव्यें त्याला या चिकांतूनच मिळतात, आणि एक दिवस उलटला कीं तीं शोषून घेण्याची त्याच्या आंतड्यांची शक्ति सरते. खरवसाच्या मोहानें हा पहिला चीक काढून घेणें म्हणजे करडाच्या तोंडचा घासच नव्हे, प्राण काढून घेणें होय. नाळ आयोडिनानें पुसावी.

दुधाविषयीं दोन गोष्टी मातांनीं अवश्य ध्यानांत ठेवाव्या. एक, शेळीचें दूध उकळल्याखेरीज कोणीही पिऊं नये. कच्च्या दुधांतून ब्रुसेलोसिससारखा चिवट ज्वर माणसास जडतो. दुसरी, शेळीचें दूध हलकें म्हणून तें तान्ह्या मुलास आईच्या दुधाऐवजीं देण्याची समजूत घातक आहे. त्यांत फोलेट हें जीवनसत्त्व फारच थोडें असतें. केवळ त्यावर वाढविलेल्या अर्भकास पांडुरोग होतो. वर्षाच्या आंतील मुलास तें पाजूं नये.

विकत घेतांना आपल्याच मुलखांतील संगमनेरी जात पाहावी. नाशिक, अहिल्यानगर व पुणें या जिल्ह्यांची हवा तिला मानवते. शेळी कळपांत राहणारी असल्यामुळें एकटी झुरते, म्हणून दोन घ्याव्या. आणि शाकाहारी घरानें एक प्रश्न आधींच सोडवावा. वितांना निम्मीं करडें नर होणार. त्यांचें काय करावयाचें? तीं विकल्यावर कोठें जातात हें सर्वांस ठाऊक आहे. आजन्म पोसण्याची तयारी असल्यास तसें ठरवावें, नसल्यास मनाशीं खोटें न बोलतां मोकळेपणीं ठरवावें. मुलांनीं बोकडाचें नांव ठेवल्यानंतर हा विचार करूं लागणें क्रूरपणाचें होय.

सिन्नर तालुक्यांत शेळ्या पाळणाऱ्या स्त्रियांनीं युवा मित्र या संस्थेच्या साहाय्यानें सावित्रीबाई फुले यांच्या नांवानें स्वतःची उत्पादक कंपनी उभी केली आहे. आपण पुस्तकें वाचून जें शिकूं पाहतों तें अशा स्त्रियांच्या बोटांत असतें. नव्या पाळणाऱ्यांनीं संकोच न धरतां त्यांच्या गोठ्यांत तासभर उभें राहावें. उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षां तें केव्हांही श्रेयस्कर.

शेवटीं एकच सूचना. शेळी सर्वांची असली तरी तिचा घास एकाच्याच हातीं असावा. घरांतील एकानें ती जबाबदारी घ्यावी, गोठ्याच्या दारावर पाटी टांगून दिवसाचा चारा व खुराक तीवर मांडावा, आणि इतरांनीं, आजीबाईंसुद्धां, लाड करावयाचा झाल्यास पाठीवरून हात फिरवून करावा. त्यानें शेळीचें पोट कधींही दुखत नाहीं.