गोळीच्या पाकिटावरची अक्षरे

गेल्या पावसाळ्यात कुंडलच्या एक आजी नातवाला सोबत घेऊन दवाखान्यात आल्या. वय सत्तरीच्या पुढे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि संध्याकाळी पावले सुजतात, अशी त्यांची तक्रार. रक्तदाब मोजला तो ९८/६० भरला. आजी तर रक्तदाब वाढण्याच्या रुग्ण! मी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली.

"एक बी गोळी चुकवली न्हाई बघा डॉक्टर," आजी म्हणाल्या.

पिशवीत रक्तदाबाची दोन पाकिटे निघाली. एक गावातल्या जुन्या औषधाचे, दुसरे सांगलीहून मुलाने आणलेले. कंपन्या वेगळ्या, नावे वेगळी, रंगही वेगळे. नातू आठवीत शिकणारा. मोठ्या इंग्रजी शब्दातून लहान शब्द शोधायचा खेळ शाळेत खेळतो म्हणाला. मी दोन्ही पाकिटे त्याच्या हातात दिली आणि विचारले, "यांच्यावर डी, आय, पी, आय, एन, ई ही अक्षरे ओळीने कुठे सापडतात?" मिनिटभरात त्याने दोन्हींवर बोट ठेवले. दोन्हींवर बारीक अक्षरांत एकच शब्द होता, 'अम्लोडिपाइन'. आजी एकच औषध दोन नावांनी, दुप्पट घेत होत्या. एक पाकीट बंद केले. पंधरा दिवसांनी आजी आल्या तेव्हा अंधारी थांबली होती, सूजही ओसरली होती.

औषधाला दोन नावे

वाचकहो, प्रत्येक औषधाला दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, म्हणजे ब्रँडचे. दुसरे मूळ औषधाचे. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही ब्रँडची नावे, आत औषध एकच, पॅरासिटामॉल. मूळ नावे जगभर सारखी असावीत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली ठराव केला आणि १९५३ साली पहिली यादी प्रसिद्ध केली. एका घराण्यातल्या औषधांच्या नावात काही अक्षरे समान ठेवायची, ही त्यातली सोय. आडनावावरून घराणे ओळखावे, तसेच हे!

मूळ नाव ओळखणे अवघड नाही. पाकिटावर ज्या नावापुढे 'टॅबलेट्स' आणि बहुधा 'आय पी' अशी अक्षरे असतात, ते मूळ नाव. 'आय पी' म्हणजे भारतीय औषधकोशातील प्रमाणाप्रमाणे. सप्टेंबर २०१८ पासून बहुतेक औषधांवर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम लागू झाला. जोड औषधांपैकी काहींना मात्र यातून सूट आहे.

ही अक्षरे शोधा

डी आय पी आय एन ई : अम्लोडिपाइन, निफेडिपाइन, सिल्निडिपाइन. रक्तदाबाची औषधे. काहींच्या पायांवर सूज येते.

ओ एल ओ एल : अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल. रक्तदाब व हृदयविकारासाठी. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

पी आर आय एल : एनालाप्रिल, रॅमिप्रिल. रक्तदाबासाठी. काहींना कोरडा खोकला सुटतो. खोकल्याची बाटली आणण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा.

एस ए आर टी ए एन : लोसार्टन, टेल्मिसार्टन. हीही रक्तदाबासाठी. गरोदरपणात 'प्रिल' आणि 'सार्टन' दोन्ही चालत नाहीत.

एस टी ए टी आय एन : अटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन. कोलेस्टेरॉल कमी करणारी.

सी आय एल एल आय एन : अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन. ही सारी पेनिसिलिनची भावंडे. पेनिसिलिन म्हटले की आपल्याकडे पिंपरीचा, १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आठवतो. ज्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, त्याला यातले कोणतेही औषध जिवावर बेतू शकते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास कोंडणे असे पूर्वी झाले असेल तर त्या औषधाचे नाव कागदावर लिहून तो कागद कायम जवळ ठेवा.

अक्षरे फसवतातही

थोडी अक्षरे जुळली म्हणजे औषध एक झाले, असे समजू नका. ओमेप्राझोल आम्लपित्तावर, फ्लुकोनाझोल बुरशीवर आणि अल्बेंडाझोल जंतांवर. शेवट तिन्हींचा सारखाच! निस्टॅटिनच्या नावात तर 'स्टॅटिन' पूर्ण आहे. पण ते बुरशीचे औषध. १९५० साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील दोन महिला संशोधकांनी ते शोधले आणि राज्याच्या नावावरून त्याचे नाव पडले. कोलेस्टेरॉलशी त्याचा काही संबंध नाही.

परदेशी मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत 'ॲसिटामिनोफेन' या नावाने मिळते. तापाची गोळी, सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी अशा तिन्हींत तेच असू शकते. मोठ्या माणसाने दिवसभरात चार ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची मर्यादा कधीही ओलांडू नये. यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा त्याहूनही कमी. जास्त झाल्यास यकृत निकामी होते आणि पहिल्या दिवशी त्रास फारसा जाणवतही नाही.

घरी काय करावे?

१. महिन्यातून एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांची सर्व पाकिटे एकत्र मांडा. मुलांना मूळ नावे वहीत लिहायला लावा.

२. एकच नाव किंवा वरीलपैकी एकाच गटातली अक्षरे दोनदा आली, तर ती वही आणि पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. कधी कधी डॉक्टरांनी जाणूनबुजून दोन दिलेली असतात. 'ओलोल' गटातली गोळी एकदम थांबवणे तर धोक्याचे असते.

३. गोळी कापून घेताना नाव आणि मुदतीची तारीख असलेली बाजू शिल्लक राहील, असे पाहा.

४. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना आधीची पाकिटे पिशवीत घालूनच निघा.

५. चिठ्ठीवरचे अक्षर लागले नाही तर विचारायला संकोच करू नका. औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ साली सांगितले गेले.

आजींच्या नातवाने आता वही केली आहे. शेजारच्या दोन घरांतली पाकिटेही तोच वाचून देतो. आपल्या घरातही पाचवी-सहावीतले कोणी असेलच. आज संध्याकाळी त्याच्याकडून घरातली पाकिटे वाचून घ्या.