तीन थरांचा पास्तित्सिओ: एका ग्रीक पदार्थाची जडणघडण

लांब नळीदार पास्ता, मसालेदार खिमा आणि दुधाचा दाट सॉस असे तीन घटक वेगवेगळे शिजवून, खोल पसरट भांड्यात एकावर एक रचून, भट्टीत भाजून केला जाणारा पास्तित्सिओ हा ग्रीसमधील सणासुदीचा आणि रविवारच्या कौटुंबिक जेवणाचा पदार्थ होय. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत उपवासाच्या दिवशी मांस, दूध आणि अंडी ही तिन्ही वर्ज्य असतात. पास्तित्सिओत ती तिन्ही भरपूर असल्यामुळे ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासकाळात त्याला पानात जागा नसते आणि एरवी त्याच्याभोवती मेजवानीचे वलय राहते. या पदार्थाविषयी दोन समज रूढ आहेत. हा अस्सल प्राचीन ग्रीक पदार्थ आहे हा पहिला, आणि फ्रेंच सॉसच्या शिरकावाने तो बिघडला हा दुसरा. त्याचा इतिहास आणि त्याची पाककृती एकत्र तपासली असता हे दोन्ही समज टिकत नाहीत.

इटलीतील पूर्वज

इटालियन भाषेत ‘पास्तिच्चो’ म्हणजे पिठाच्या आवरणात मांस, मासे किंवा पास्ता भरून भाजलेला पदार्थ. ‘पास्तित्सिओ’ हे त्याच नावाचे ग्रीक रूप. सोळाव्या शतकापासून इटालियन पाकग्रंथांत अशा पदार्थांच्या कृती आढळतात, आणि पोपच्या मुदपाकखान्यात काम केलेल्या बार्तोलोमेओ स्काप्पीच्या 1570 मधील ‘ओपेरा’ या ग्रंथात तर त्यांची रेलचेल आहे. हे सरदार-दरकदारांच्या पंगतीचे अन्न होते. पेल्लेग्रीनो आर्तुसी यांच्या 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकग्रंथात पास्तिच्चोची जी कृती आहे, तिच्यात साखर घातलेल्या खुसखुशीत पिठाच्या आवरणात मॅकरोनी, मांस, चीज आणि दुधाचा सॉस भरलेला आहे. रोमान्या प्रांतात कार्निव्हलच्या दिवसांत तो केला जाई, आणि आर्तुसींनी तो खटाटोपाचा व खर्चिक असल्याचेही नमूद केले आहे. जुझेप्पे तोमासी दि लाम्पेदुसा यांच्या 1958 मध्ये प्रकाशित झालेल्या ‘इल गात्तोपार्दो’ या कादंबरीत सिसिलीतील उमरावाच्या पंगतीत येणारा मॅकरोनीचा तिंबाल्लो हा याच कुळातला आहे.

दुधाचा सॉस पास्ताबरोबर भाजण्याची रीत इटलीत आधीपासून होती, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मैदा लोण्यात परतून त्यात दूध आटवून केलेल्या या सॉसला फ्रेंच परंपरेत ‘बेशामेल’ म्हणतात आणि चौदाव्या लुईच्या दरबारातील कारभारी लुई द बेशामेय (1630–1703) याचे नाव त्याला लाभले आहे. आर्तुसींच्या ग्रंथात तोच सॉस ‘बाल्सामेल्ला’ या नावाने येतो.

ग्रीसमधील रूपांतर

क्रीट बेट तेराव्या शतकाच्या आरंभापासून 1669 पर्यंत, तर कॉर्फू आणि आयोनियन समुद्रातील इतर काही बेटे 1797 पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होती, त्यामुळे इटालियन पदार्थांची ग्रीक स्वयंपाकघराशी ओळख जुनी आहे. विसाव्या शतकापूर्वीच्या ग्रीक पास्तित्सिओत पास्ता, मांस, काळीज, अंडी आणि चीज यांचे सारण असे, टोमॅटो नसे, आणि हे सारे फिलो नावाच्या कागदासारख्या पातळ पिठाच्या पापुद्र्यांत गुंडाळलेले असे. म्हणजे इटालियन पदार्थाचा सांगाडा कायम ठेवून केवळ आवरण स्थानिक केलेले होते.

आजचे रूप निकोलाओस त्सेलेमेन्तेस (1878–1958) यांनी दिले. सिफ्नोस बेटावर जन्मलेल्या आणि व्हिएन्नात पाकशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या त्सेलेमेन्तेस यांनी 1910 मध्ये पाककलेला वाहिलेले मासिक सुरू केले. पुढे त्यांचा पाकग्रंथ घरोघरी इतका पोहोचला की ग्रीक बोलण्यात कोणत्याही पाकपुस्तकाला ‘त्सेलेमेन्तेस’ म्हटले जाऊ लागले. त्यांनी पास्तित्सिओवरचे फिलोचे आवरण काढले आणि त्या जागी बेशामेलचा जाड थर आणला. मुसाकाला म्हणजे वांगी व खिम्याच्या भाजलेल्या पदार्थालाही त्यांनी तोच थर दिला. ग्रीक पाकपरंपरा तुर्की प्रभावाने बिघडली आहे आणि फ्रेंच पद्धतीने तिची शुद्धी केली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. मसाले आणि ऑलिव्ह तेल यांना मागे सारून लोणी व मलईला पुढे आणल्याबद्दल पुढील पिढ्यांतील अभ्यासकांनी त्यांच्यावर कठोर टीका केली, आणि त्यांच्या एकूण कार्याबाबत ती बरीच योग्य आहे. मात्र पास्तित्सिओला ती लागू पडत नाही, कारण ज्याला परका थर म्हणावे तो या पदार्थाच्या इटालियन पूर्वजात आधीच होता, आणि दालचिनी-लवंगांचा ज्या मसाल्याला त्सेलेमेन्तेस यांचा विरोध मानला जातो, तो खिम्याच्या थरात आजही टिकून आहे.

तीन थरांचे तंत्र

बेशामेल का टिकला, याचे उत्तर त्याच्या गुणधर्मात सापडते. पिठाचे आवरण भट्टीतली कोरडी उष्णता झेलून आतील ओलावा राखते, परंतु त्यासाठी पीठ मळण्याचे आणि पापुद्रे लाटण्याचे कौशल्य लागते. बेशामेल हेच काम केवळ पातेले आणि लाकडी डाव यांच्या साहाय्याने करतो. साधारण एक लिटर दुधासाठी 100 ग्रॅम लोणी आणि तितकाच मैदा घेतात. लोण्यात मैदा मंद आचेवर परतला की पिठाच्या प्रत्येक कणाला स्निग्धांशाचा लेप बसतो आणि दूध ओतल्यावर गुठळ्या होत नाहीत. गव्हाच्या पिष्टमय पदार्थाचे कण सुमारे 60 अंश सेल्सिअसपासून पाणी शोषून फुगू लागतात, पण सॉस पुरता आळण्यासाठी तो उकळीपर्यंत न्यावा लागतो. अर्धवट शिजलेल्या सॉसला कच्च्या पिठाची चव राहते. आच बंद करून किंचित निवल्यावर त्यात अंड्यांचे पिवळे बलक, किसलेले चीज आणि जायफळाची पूड मिसळतात. शिजलेल्या पिष्टामुळे बलक एकदम गोळा होत नाहीत आणि भट्टीत वरचा थर खरवसासारखा घट्ट बसतो.

मधल्या थराचे मर्म ओलाव्यात आहे. कांदा ऑलिव्ह तेलात मऊ होईपर्यंत परतून त्यात गाईचा, किंवा गाईचा व डुकराचा मिश्र, खिमा घालतात आणि त्याला सुटलेले पाणी पूर्ण आटून तो तांबूस होईपर्यंत परततात, कारण पाणी असेपर्यंत तापमान 100 अंशांच्या वर जात नाही आणि भाजल्याची चव देणारी प्रक्रिया नीट सुरू होत नाही. नंतर लाल वाइन, टोमॅटो, दालचिनीचा तुकडा, दोन-तीन लवंगा आणि तमालपत्र घालून मंद आचेवर शिजवत ठेवतात. डाव फिरवल्यावर पातेल्याच्या तळाशी रस्सा साचताना दिसू नये, ही खिमा तयार झाल्याची खूण आहे. रस्सा राहिला तर तो भट्टीत खाली पाझरतो, पास्ता लगदा होतो आणि कापताना तुकडा कोसळतो.

तळाचा थर स्पॅगेटीपेक्षा जाड आणि आतून पोकळ अशा लांब पास्त्याचा असतो. भट्टीत तो पुन्हा शिजणार असल्यामुळे पाण्यात दोन-तीन मिनिटे कमी उकळतात, निथळून त्यात बलकांपासून उरलेले अंड्यांचे पांढरे आणि चीज मिसळतात, व नळ्या एकाच दिशेने लावतात. अंड्याचा पांढरा भाग भाजताना गोठून नळ्यांना एकमेकींशी बांधतो. त्यामुळे आडवा छेद घेतला की गोल छिद्रांची ओळ दिसते, आणि ग्रीक गृहिणी याच ओळीवरून रचना नीट झाली की नाही हे पारखतात. चीज बहुधा केफालोतिरी असते. ते मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाचे, कठीण व खारट असल्याने खिम्यात आणि सॉसमध्ये मीठ बेताने घालावे लागते.

दोनदा शिजूनही नळी टिकते ती ड्युरम गव्हामुळे. या गव्हाचा दाणा कठीण आणि प्रथिनयुक्त असतो, व त्याच्या रव्याचे पीठ उकळताना आकार सोडत नाही. मराठी वाचकाला हा गहू अनोळखी नाही. महाराष्ट्रात परंपरेने पिकणारा बन्सी गहू ड्युरम प्रकारचाच आहे, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या एमएसीएस 4028 या ड्युरम वाणात सुमारे 14.7 टक्के प्रथिने असल्याचे नोंदले गेले आहे.

रचलेले भांडे 180 अंशांवर साधारण पाऊण तास, वरचा थर सोनेरी होऊन त्यावर तपकिरी ठिपके येईपर्यंत भाजतात. त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास भांडे तसेच ठेवणे हा कृतीचाच भाग आहे, कारण निवताना पिष्टाचे जाळे पुन्हा घट्ट होते आणि तोवर कापले तर तिन्ही थर एकमेकांत वाहतात.

भूमध्य समुद्राभोवतीची भावंडे

सायप्रसमध्ये हाच पदार्थ लग्नकार्यात आणि ईस्टरला होतो. तेथे बहुधा डुकराचा खिमा वापरतात, टोमॅटो थोडा किंवा अजिबात घालत नाहीत, आणि हलुमी चीज व पुदिना यांमुळे त्याची चव पार बदलते. इजिप्तच्या ‘मकरोना बेशामेल’मध्ये गोमांसाचा खिमा आणि आखूड नळ्यांचा पास्ता असतो. माल्टाच्या ‘तिंपाना’ने मात्र पिठाचे जुने आवरण सोडलेले नाही. सांगाडा तोच राखून प्रत्येक ठिकाणच्या स्वयंपाकघराने चीज, मांस किंवा आवरण यांपैकी आपल्याला सोयीचे तेवढे बदलले.

या साऱ्या पुराव्यावरून असा निष्कर्ष निघतो की, पास्तित्सिओचे एकच शुद्ध रूप शोधणे निष्फळ आहे आणि त्सेलेमेन्तेस यांचा बदल हा त्याच्या इतिहासातील बिघाड नसून एक स्वाभाविक टप्पा आहे. फिलोच्या जागी बेशामेल आल्यामुळे कुशल हातांची गरज असलेला पदार्थ सामान्य घराच्या आवाक्यात आला. लोणी, मलई आणि मांस यांच्या वजनावर या पदार्थाची थोरवी मोजली जाते, ती मोजणी चुकीची आहे. तो उभा राहतो तो आटवलेल्या खिम्यावर, पुरत्या उकळलेल्या सॉसवर आणि कापण्यापूर्वी राखलेल्या धीरावर. आपल्या स्वयंपाकघरात तो करून पाहणाऱ्या वाचकाने चीज वा मांस खुशाल बदलावे, पण या तीन गोष्टींत तडजोड करू नये.