शेवाळ खाणारा मासा टँकमध्ये उपाशी का मरतो?

समुद्री टँकमधल्या दगडांवर शेवाळ धरलं की हमखास सल्ला मिळतो, 'एक ब्लेनी टाका, सगळं साफ करेल.' मासा येतो, दगड स्वच्छ होतात आणि मग मासाच खंगत जातो. असं का होतं? आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तो जगवायचा कसा? समजून घेऊ.

हा मासा कोणता?

लॉनमोअर ब्लेनी. शास्त्रीय नाव सालारियास फॅसिएटस. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत उथळ पाण्यात तो आढळतो आणि साधारण १४ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. कंगव्यासारख्या बारीक दातांनी तो दगडावरचं शेवाळ आणि त्यात अडकलेला सेंद्रिय गाळ खरवडून खातो.

दुकानात स्वस्तात मिळणारा 'सकर' मात्र वेगळा. तो गोड्या पाण्यातला मासा आहे, खाऱ्या पाण्यात जगणार नाही.

मग तो उपाशी का राहतो?

नवीन टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी थर येतो. तो बहुतेक वेळा डायटमचा असतो आणि आपोआप ओसरतो. नेमकं तेव्हाच घाबरून मासा आणला जातो. थर संपला की त्याचं जेवण संपतं. समुद्रात तो पुढच्या दगडाकडे जातो. टँकमध्ये पुढचा दगडच नसतो.

म्हणून टँक काही महिने जुना, किमान १०० लिटरचा आणि भरपूर दगडांचा हवा. विकत घेताना मासा खाताना बघा. पोट आत गेलेला मासा घेऊ नका. घरी आणल्यावर स्पिरुलिनाच्या गोळ्या आणि वाळवलेलं समुद्री शेवाळ द्या. सगळेच मासे असं खाणं स्वीकारत नाहीत, म्हणून सवय पहिल्या दिवसापासून लावा.

शेवाळाचं मूळ कुठे आहे?

पाण्यातल्या नायट्रेट आणि फॉस्फेटमध्ये. मासा शेवाळ खातो, पण त्याची विष्ठा त्याच पाण्यात पडते. म्हणजे खत टँकमध्येच राहतं. खरा उपाय म्हणजे खाणं कमी टाकणं, नियमित पाणी बदलणं आणि लाईट कमी तास ठेवणं. नळाचं पाणी थेट वापरू नका. आरओ-डीआय फिल्टरच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळा.

सोलापुरात काय वेगळं?

पहिलं, ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि या माशाला साधारण २४ ते २७ अंश मानवतात. पाण्यावर पंखा लावला तर तापमान थोडं उतरतं, पण भर उन्हाळ्यात चिलर किंवा एसी लागतोच.

दुसरं, बाष्पीभवन. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोजची भर आरओच्या साध्या पाण्यानेच घाला, खाऱ्या नाही. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा साठा आधीच करून ठेवा.

तिसरं, वीज. लाईट गेली की पाणी फिरणं थांबतं आणि ऑक्सिजन घटतो. बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या. ब्लेनी उडीही मारतो, म्हणून टँकवर बारीक जाळी हवीच.

कायदा काय सांगतो?

कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. गुपचूप मिळणारा 'लाईव्ह कोरल' घेणं महागात पडू शकतं. सिरॅमिकच्या दगडांवरही शेवाळ धरतं.

मासा नकोसा झाला तर कंबर तलावात किंवा उजनीत सोडू नका. ब्लेनी गोड्या पाण्यात मरेल. सकर मात्र जगेल आणि पसरेल, देशातल्या अनेक जलाशयांत तो असाच पसरला आहे. दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

थोडक्यात, ब्लेनी हा सफाई कामगार नाही. शेवाळ संपल्यावर त्याला रोज काय खायला घालणार, हे ठरलं असेल तरच तो घरी आणा.